शेळी अडेल असं कुंपण: मुंबईत राहून शेत सांभाळणाऱ्यांसाठी

घर डोंबिवली-बोरिवलीत आणि जमीन मुरबाड, शहापूर, वाडा, कर्जत किंवा पेणकडे, अशी विभागणी असलेल्यांनी शेळ्या-गुरं पाळायची ठरवली की पहिला मोठा खर्च कुंपणाचा येतो. घरचं माणूस शेतावर शनिवार-रविवारीच असतं, तेव्हा आठवडाभर कुणी हात लावला नाही तरी टिकेल असंच कुंपण हवं. बहुतेकजण आधी जाळीचा भाव विचारत फिरतात. क्रम उलटा ठेवा: आधी जनावर ठरवा, मग हद्द पक्की करा, मग हिशेब मांडा. जाळी सगळ्यात शेवटी.

कोणतं जनावर अडवायचं आहे?

गाय-म्हैस कुंपणावर सहसा धडकत नाही. ती अंग घासते, आणि पलीकडचा चारा हिरवा दिसला की तारांमधून मान घालून रेटते. तिच्यासाठी पाच तारा पुरतात, जमिनीपासून साधारण 12, 22, 32, 42 आणि 52 इंचांवर. काटेरी तार स्वस्त पडते म्हणून सगळीकडे दिसते, पण दुभत्या जनावराची कास त्या काट्याने फाटली तर तो सड कायमचा जाऊ शकतो, आणि पावसाळ्यात उघड्या जखमेत किडे पडायला दोन दिवस लागत नाहीत. गुरांसाठी आतल्या बाजूला साधी, गुळगुळीत तार आणि तिच्या जोडीला झटक्याची (मशीनमधून विजेचा क्षणिक झटका देणारी) एक तार, हा जास्त चांगला मार्ग.

शेळीचं तसं नाही. ती चार वाटांनी सुटते: खालून सरपटत, मधून अंग चोरत, वरून उडी मारून, आणि पुढचे पाय जाळीवर ठेवून ती खाली दाबत. तिला काटेरी तार अडवत नाही. पाच तारांमधून उस्मानाबादीचं करडू चालत जाईल. शेळीला जाळीच हवी. जाळीचा डोळा 2 इंच ठेवा, फार तर 3. डोळा 4 ते 6 इंचांचा असला की शिंगवाली शेळी डोकं आत घालते आणि शिंगं अडकून तिथेच राहते. शेतावर कुणी नसेल तर उन्हात तशी अडकलेली शेळी मरते, कुत्र्यांच्या तावडीत सापडली तर त्याआधीच. उंची शेळ्यांना 4 फूट चालते, बोकड असतील तर 5. आमचा सल्ला सरळ 5 फुटांचाच, कारण पुढे उंची वाढवायची म्हणजे खांबही बदलावे लागतात.

कोंबड्यांसाठी खालचे 2 फूट बारीक डोळ्याची जाळी वेगळी लावावी लागते, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

बिबट्याबद्दल मात्र स्पष्ट बोलायला हवं. तुंगारेश्वर, तानसा, संजय गांधी उद्यान यांच्या आसपास बिबट्या असतोच, आणि 6 फुटी जाळी त्याला सहज पार करता येते. कुंपण हे दिवसा जनावर आत ठेवण्यासाठी आणि भटकी कुत्री-उनाड गुरं बाहेर ठेवण्यासाठी असतं. रात्री शेळ्या छप्पर असलेल्या, चारही बाजूंनी आणि वरूनही बंद गोठ्यातच हव्यात. कौलं किंवा पत्रा आणि भिंत यांच्यामध्ये फट असेल तर तिथेही जाळी मारा. कुंपणावर कितीही पैसे ओतले तरी या गोठ्याची कसर भरून निघत नाही.

हद्द आणि वाट

बांध म्हणजे हद्द असं धरून खड्डे घेऊ नका. पिढ्यानपिढ्या बांध सरकत आलेले असतात. भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्यासाठी मोजणीचा अर्ज करा. लगतच्या खातेदारांना नोटीस जाते, खुणा दाखवल्या जातात आणि नकाशाची ‘क’ प्रत मिळते. त्या खुणांवर लगेच दगड रोवून घ्या, नाहीतर पुढच्या नांगरणीत खुणा गायब होतात.

सात-बारा आणि गाव नकाशा हातात घेऊन शेजाऱ्यांना एक प्रश्न जरूर विचारा: या शेतातून कुणाची वहिवाट आहे का? भातकापणीनंतर गावाची गुरं आणि बैलगाड्या कुठून जातात? चालू वाट जाळीने बंद केली तर मामलतदार न्यायालय अधिनियम, 1906 च्या कलम 5 खाली तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतात, आणि मग उभं कुंपण स्वतःच्या खर्चाने तोडावं लागतं. वाट सोडून दोन भाग कुंपणात घेणं कटकटीचं वाटतं, पण तेच बरोबर. कुंपणाची रेघ हद्दीपासून फूट-दीड फूट आत घ्या, म्हणजे खड्ड्याचा काँक्रीट आणि दुरुस्तीला उभं राहायची जागा आपल्याच जमिनीत राहते.

एका एकराचा हिशेब

एक एकर म्हणजे 40 गुंठे, 43,560 चौरस फूट. जागा चौरस असेल तर एक बाजू सुमारे 209 फूट आणि घेर 835 फूट. तेवढीच जमीन 20 मीटर रुंदीच्या पट्टीसारखी असेल तर घेर 1,450 फुटांच्या पुढे जातो. म्हणून ‘एकरी खर्च किती’ या प्रश्नाला अर्थ नाही. घेर मोजा आणि फुटावर बोला.

चौरस एकर, 12 फुटी एक गेट, 5 फुटी चेनलिंक (नागमोडी तारा एकमेकींत गुंफलेली) जाळी, 8 फुटी सिमेंटचे खांब 8 फुटांच्या अंतराने. त्याला लागणारं साहित्य असं:

- उभे खांब 105 (गेटचे दोन धरून), तिरके टेके 18. तुटफुटीसह 130 मागवा. यातले चार कोपऱ्यांचे आणि दोन गेटचे 9 फुटी आणि 5-6 इंच जाड घ्या.
- 2 इंची डोळ्याची जाळी, 50 फुटी रोल: 17.
- जाळीला आधाराची 10 गेजची साधी जी.आय. तार, वर-मध्ये-खाली तीन ओळी: सुमारे 760 मीटर, म्हणजे 50 किलो.
- जाळीच्या वर बाहेरून येणाऱ्यांसाठी काटेरी तारेची एक ओळ, 12 गेज: सुमारे 28 किलो. किलोला साधारण 9 मीटर भरते.
- बांधायला 14 गेजची जी.आय. तार: 12 किलो.
- 1:3:6 चा माल (सिमेंट, वाळू, खडी या क्रमाने) सगळ्या खड्ड्यांना भरायचा तर सिमेंट 28 गोण्या, वाळू किंवा कच 1 ब्रास (म्हणजे 100 घनफूट), खडी 2 ब्रास.

सगळ्या खड्ड्यांना काँक्रीट लागतंच असं नाही. जमीन घट्ट मुरमाड असेल तर कोपरे, गेट, टेके, ताणाचे (दर 100 फुटांवरचे) खांब आणि मधला दर तिसरा खांब काँक्रीटमध्ये घ्या, बाकीचे दगड-मुरूम कुटून बसवा. सिमेंट जवळजवळ निम्मं वाचतं. भाताच्या मऊ खाचरात मात्र ही बचत करू नका. जुलैत तिथली माती शिऱ्यासारखी होते आणि दगड कुटून बसवलेला खांब नुसत्या जाळीच्या वजनाने वाकतो.

खरेदी कुठे आणि कशी

एक 8 फुटी, 4 बाय 4 इंची सिमेंटचा खांब साधारण 60 किलोचा असतो. 130 खांब म्हणजे पावणेआठ टन. ते शेताजवळच्या कारखान्यातूनच घ्या. लांबून आणले तर भाडंही जातं आणि वाटेत केसासारख्या चिराही पडतात. ती चीर दिसली किंवा आतली सळई उघडी दिसली की खांब बाजूला काढा, कारण तिथून पाणी शिरतं, सळई गंजून फुगते आणि सिमेंट सोलून निघतं. लोखंडी अँगल हवे असतील तर कळंबोलीचा स्टील बाजार, आणि गेटसाठी जुना जाड पाइप हवा असेल तर रे रोडचं दारूखाना. जुना पाइप घेताना टोकाला भिंतीची जाडी मोजा. बाहेरून रंगवलेला पाइप आतून गंजून कागद झालेला असू शकतो. पकडी, तार ताणायची रॅचेट, हातमोजे नागदेवीला मिळतात.

जाळी घेताना तारेची जाडी मोजायला जवळ व्हर्नियर ठेवा. 10 गेज म्हणजे 3.25 मिलिमीटर, 12 गेज म्हणजे 2.64, 14 गेज म्हणजे 2.03. तार तोंडी सांगितल्यापेक्षा बारीक निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. शेळ्यांच्या जाळीला 12 गेज चालतं, गुरं टेकणार असतील तर 10. त्याहून महत्त्वाचा प्रश्न जस्ताच्या थराचा: एका चौरस मीटरला किती ग्रॅम? बिलावर तो आकडा लिहून घ्या. पातळ थराची तार नवी असताना जास्त चकाकते, म्हणून चकाकीवर जाऊ नका. अलिबाग, उत्तन, केळवे अशा खाऱ्या वाऱ्याच्या पट्ट्यात जाड थराची किंवा पी.व्ही.सी. चढवलेलीच जाळी घ्या. वेल्डमेश, म्हणजे तारा वेल्ड करून जोडलेली जाळी, दिसायला नीटस असते, पण जनावर रेटायला लागलं की तिचे वेल्ड एकेक करून सुटतात. शेळ्यांच्या कुंपणाला ती नको.

उभारणी

दिवाळीनंतरचे सहा-सात आठवडे सगळ्यात चांगले. जमिनीत ओल असते, पहार चालते आणि पाणी साचत नाही. एप्रिलपर्यंत तीच जमीन दगड होते. पाऊस सुरू झाल्यावर खड्डे घेऊच नका.

आधी फक्त कोपऱ्यांचे खांब उभे करा. खड्डा 1 बाय 1 फूट रुंद आणि अडीच ते 3 फूट खोल. खांब ओळंब्यात धरा, माल थरा-थराने भरून सळईने ठोसत जा आणि वर माल जमिनीपेक्षा 2 इंच उंच, उतरता ठेवा, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी थांबणार नाही. कोपऱ्याच्या दोन खांबांमध्ये लाईनदोरी ताणा, फक्कीने रेघ मारा, दर 8 फुटांवर खूण करा आणि मग मधले 2 फुटी खड्डे घ्या. कातळ लागला तर अंतर थोडं कमी करून खड्डा सरकवा. वाढवू मात्र नका. अर्थ ऑगर (खड्डे पाडायचं यंत्र) भाड्याने मिळत असेल तर मातीत उत्तम, दगड-गोट्यांच्या जमिनीत तो नुसता उड्या मारतो.

आता टेके. कुंपण पडतं ते बहुतेक वेळा कोपऱ्यातून, आणि कोपरा पडतो तो टेका चुकल्यामुळे. तार खांबाला ज्या बाजूला ओढते त्याच बाजूला टेका लावायचा, म्हणजे तो खांबाला उलटा रेटतो. टेका कुंपणाच्या रेघेतच बसवा, शेताच्या मध्याकडे नको. तो खांबाला जमिनीपासून साधारण 4 फुटांवर भेटावा, 45 अंशांत, आणि त्याचं बूड सपाट दगडावर किंवा काँक्रीटवर टेकलेलं असावं. कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी एकेक, गेटच्या प्रत्येक खांबाला एक, आणि सरळ रेघेत दर 100 फुटांवरच्या खांबाला दोन्ही बाजूंनी.

काँक्रीटला किमान सात दिवस पाणी मारा आणि दहा दिवस तार ताणू नका. रविवारी खांब रोवून पुढच्या रविवारी जाळी ओढायची घाई होते. ताजा माल आतून तडकतो, वरून काही दिसत नाही आणि पहिल्या पावसात खांब डुलायला लागतो. गड्याला पाणी मारायचं काम नेमून द्या आणि जाळीला पंधरा दिवसांनी हात घाला.

आधी आधाराच्या तीन तारा रॅचेटने ताणा. ट्रॅक्टरने तार ओढू नका: किती ताण पडला ते कळत नाही, आणि तुटलेली तार परत येते ती डोळ्यावर. गॉगल आणि मोजे घालूनच काम करा, तारेच्या रेघेत कुणाला उभं करू नका. मग रोल उलगडून उभा करा. दोन रोल जोडताना वरून बांधाबांध करायची गरज नसते. एका रोलच्या टोकाचं एक नागमोडी वेटोळं वरची गाठ उलगडून फिरवत बाहेर काढा, दोन्ही रोलच्या कडा शेजारी आणा आणि तेच वेटोळं वरून खाली फिरवत दोघांमधून ओवा. जोड कुठे आहे ते नंतर शोधून सापडत नाही, आणि तेवढाच मजबूत राहतो.

जाळी खांबांच्या आतल्या बाजूला, म्हणजे जनावरांकडे लावा. शेळी रेटते तेव्हा जाळी खांबावर दाबली जाते. बाहेरून लावली तर सगळा जोर बांधलेल्या तारेवर येतो आणि एकेक गाठ सुटते. शिवाय टेके जाळीच्या मागे जातात. टेका आत उघडा राहिला की शेळ्या त्यावरूनच चढून पलीकडे उतरतात, हे कुणी सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. जाळी खांबाला चार ठिकाणी आणि आधाराच्या तारांना दर 2 फुटांवर जी.आय. तारेने बांधा. स्लॅबच्या सळयांना वापरतात ती काळी बाइंडिंग वायर एका पावसाळ्यात गंजून तुटते.

खाली फट 2 इंचांपेक्षा जास्त नको. कुत्री उकरत असतील तर बाहेरच्या बाजूला फूट-दीड फूट रुंद जाळीची पट्टी जमिनीवर आडवी पसरून मुख्य जाळीला बांधा आणि वर दगड ठेवा. कुत्रं जाळीच्या बुडाशीच उकरतं, मागे सरकून उकरायचं त्याला सुचत नाही.

ओढा-नाला आणि गेट

पाणी वाहतं तिथे कुंपण सलग नेऊ नका. पहिल्या मोठ्या पावसात पालापाचोळा जाळीत अडकतो, जाळीचा बंधारा होतो आणि दोन्ही काठांचे खांब घेऊन सगळं वाहून जातं. नाल्याच्या दोन्ही काठांवर टेके लावलेले मजबूत खांब घ्या, वरून जाड तार किंवा पाइप टाका आणि त्याला हलकी जाळीची चौकट वरून लटकवा, खालून मोकळी. पाणी वाढलं की चौकट वर उचलली जाते, ओसरलं की परत बसते.

गेट 12 फूट ठेवा. ट्रॉली 10 फुटांतूनही जाते, पण अरुंद रस्त्यावरून वळून आत घ्यायची तर ते जादा दोन फूट लागतात. गेटचे खांब 3 फूट खोल, पूर्ण काँक्रीटमध्ये. बिजागऱ्यांपैकी वरची उलटी बसवा, नाहीतर बोकड किंवा म्हैस गेट डोक्याने उचलून बिजागरीतून काढते. साध्या कडीला शेळी तोंडाने उघडायला शिकते. खटक्याला पिन किंवा साखळी हवीच. गेटखालची फट बघा. तिथे चाकोरी पडून महिनाभरात खड्डा होतो, म्हणून आधीच दगडी सोलिंग करून घ्या.

झटका लावायचा असेल तर

झटका मशीन सेकंदाला साधारण एक झटका देतं: हजारो व्होल्टचा, पण क्षणाच्या अगदी बारीक भागापुरता. त्यामुळे जनावर दचकतं, मरत नाही. घरातली वीज थेट तारेत सोडणं हा गुन्हा आहे आणि त्यात माणसं मरतात. यात कुठलीही सवलत नाही. मशीन आय.एस.आय. किंवा प्रमाणित घ्या, पिवळे इशारा फलक लावा आणि काटेरी तारेत झटका कधीच सोडू नका, कारण अडकलेल्याला सुटता येत नाही.

शेळ्यांसाठी जाळीपासून 5-6 इंच आत, इन्सुलेटरवर दोन तारा: एक 10-12 इंचांवर, दुसरी नाकाच्या उंचीला, साधारण 30 इंचांवर. मग त्या जाळीवर पाय ठेवत नाहीत आणि जाळीचं आयुष्य वाढतं.

झटका लागत नाही अशी तक्रार आली की दहात नऊ वेळा दोष अर्थिंगचा, म्हणजे मशीन जमिनीला जोडणाऱ्या रॉडचा, निघतो. 6 फुटी तीन जी.आय. रॉड, एकमेकांपासून 10 फुटांवर, घरच्या विजेच्या अर्थिंगपासून किमान 10 मीटर लांब आणि शक्यतो ओलीच्या जागी ठोका. तपासायचं असं: मशीन बंद करा, तिथून 100 मीटर लांब जाऊन तारेला दोन-तीन पहारी टेकवून जमिनीत रोवा, मशीन चालू करा. तारेवरचं व्होल्टेज 2,000 च्या खाली आलं पाहिजे. आता व्होल्टमीटरचं एक टोक अर्थिंगच्या शेवटच्या रॉडला लावा आणि दुसरं मीटरभर लांब मातीत खोचा. 300 व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर आणखी एक रॉड ठोका आणि परत मोजा. हे मोजमाप मे महिन्यात, कोरड्या जमिनीत करा. मग पहारी काढा आणि कुंपणाच्या सगळ्यात लांबच्या टोकाला मोजा. शेळ्यांसाठी 4,000 व्होल्ट तरी हवेत.

आपल्याकडे पावसाळ्यात या तारेचा खरा शत्रू गवत. जुलैत ते पंधरा दिवसांत तारेला टेकतं, आणि ओल्या गवतातून सगळा झटका जमिनीत उतरतो. शिवाय सौर मशीनला तेव्हा ऊन नसतं, म्हणून बॅटरी मोठी घ्या.

नंतरची देखभाल

कुंपणाबाहेर जूनमध्ये करवंद किंवा सागरगोट्याची ओळ लावली तर तीन-चार वर्षांत दुसरी भिंत तयार होते. ग्लिरिसिडियाच्या फांद्याही चालतात आणि पाला शेळ्यांना होतो. मोगली एरंड मात्र लावू नका, त्याच्या बिया विषारी असतात.

होळीच्या आत कुंपणाच्या बाहेर 8-10 फुटांची पट्टी गवत कापून साफ करा. वणवा जाळीजवळून गेला तर जस्त जळतं, इन्सुलेटर वितळतात, आणि वरून धड दिसणारी जाळी पुढच्या पावसात लाल होते. मेअखेरीस नाल्यावरची चौकट हलवून बघा, टेक्यांची बुडं बघा, सैल तारा ताणा. पावसाळ्यात दर आठवड्याला गड्याला हातात कोयता देऊन एक पूर्ण फेरी मारायला सांगा आणि कोपऱ्यांचे चार फोटो मागवा. खांब ओळंब्यातून किती हलला ते जुन्या फोटोशेजारी ठेवलं की लगेच कळतं. उरलेले पाच-सात खांब, अर्धा रोल आणि दोन-चार किलो तार शेतावरच, गोठ्याच्या माळ्यावर ठेवा. झाड पडून कुंपण मोडतं ते भर पावसात, आणि तेव्हा मुंबईहून सामान घेऊन पोचेपर्यंत शेळ्या शेजाऱ्याच्या भातात असतात.